लिस्बनमध्ये एकच दिवस मिळाला तर काय पाहावे?

प्रश्न : आम्ही मूळचे फोंड्याचे, सध्या पुण्यात राहतो. येत्या एप्रिलमध्ये मुलाकडे युरोपात जाणार असून परतताना लिस्बनला एक पूर्ण दिवस हाताशी राहील. प्रवास कंपनीने दिलेल्या यादीत किल्ला, मठ, संग्रहालये आणि शेजारचे सिंत्रा गाव असे सगळेच कोंबले आहे. सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी आहेत. नेमके काय पाहावे? गोव्याशी नाते सांगणारे काही तिथे दिसते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम सिंत्रा यादीतून काढून टाका. ते सुंदर आहे, पण त्याला स्वतंत्र दिवस लागतो. गोव्याच्या माणसाने लिस्बनमधला एकुलता एक दिवस तेजू नदीकाठच्या बेलें भागातच सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. शहराच्या मध्यभागातून १५ क्रमांकाची ट्राम तिथे साधारण अर्ध्या तासात पोहोचवते आणि वाट सपाट असल्यामुळे सासूबाईंनाही त्रास होणार नाही. बेलेंमधली मुख्य स्मारके सोमवारी बंद असतात, हे दिवस ठरवताना लक्षात ठेवा.

जेरोनिमुश मठाचे बांधकाम राजा मानुएल याच्या काळात १५०१ च्या सुमारास सुरू झाले आणि आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून त्याचा बराचसा खर्च भागला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मिऱ्यांचा पैसा त्या दगडांत आहे. मठाच्या चर्चमध्ये शिरताच दोन्ही बाजूंना दोन थडगी दिसतात, एक वास्को द गामाचे आणि दुसरे कवी कामोंइश याचे. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले आणि या मठात ते आले १८८० मध्ये. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर त्याचा पुतळा आपण पाहिलाच असेल, ती कमान त्याच्या पणतूने उभारली. मठातील दगडी दोरखंड, प्रवाळ आणि जहाजाच्या खुणा कोरलेले खांब पाहण्यासाठी दीड तास तरी राखून ठेवा, आणि अंतर्गत चौकात सासूबाईंना निवांत बसू द्या.

मठापासून थोडे चालल्यावर बेलेंचा बुरूज लागतो. आत जाण्याचा आग्रह धरू नका. जिना अरुंद आहे, रांग मोठी असते आणि दुरुस्तीसाठी बुरूज बंदही ठेवला जातो. मात्र बाहेरून, किनाऱ्याच्या बाजूने, पश्चिमेकडच्या कोपऱ्यातील छोट्या टेहळणी बुरुजाखाली नीट पाहा. तिथे झिजलेले, ओबडधोबड असे एक गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने गोवा जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि २० मे १५१५ रोजी याच किनाऱ्यावर उतरला. त्या वेळी हा बुरूज बांधला जात होता, म्हणून ते कोरीवकाम त्याच प्राण्याचे असावे, असे मानले जाते. राजाने त्याची हत्तीशी गाठ घालून दिली तेव्हा हत्तीने पळ काढला. पुढे पोपला भेट म्हणून धाडलेला तो गेंडा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाल्याने मेला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याला न पाहताच, केवळ एका पत्राच्या व रेखाटनाच्या आधारे, त्याचे प्रसिद्ध चित्र काढले. गोव्याहून निघालेल्या त्या मुक्या प्रवाशाची एवढीच खूण शहरात उरली आहे आणि ती पाहायला तिकीट लागत नाही.

जवळच १९६० मध्ये उभारलेले दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे. त्यात आल्बुकर्क आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मूर्ती आहेत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने साम्राज्याचा गौरव म्हणून ते उभारले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला, ही पार्श्वभूमी मनात ठेवूनच ते पाहावे.

दुपारी शहरात परत या. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आगीने कित्येक दिवस शहर जाळले. नंतर राजाचा मंत्री असलेल्या पोम्बालच्या मार्क्विसने बैशा हा सखल भाग आखीव, काटकोनी रस्त्यांनी पुन्हा उभारला आणि धक्का सोसावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी चौकटी बसवल्या. ते नवे शहर पाहिल्यावर वरच्या टेकडीवरील कार्मो मठ अवश्य पाहा. त्याच्या चर्चचे कोसळलेले छप्पर पुन्हा बांधलेले नाही, उघड्या आकाशाखाली केवळ कमानी उभ्या आहेत. बैशा-शियादु मेट्रो स्थानकातील सरकत्या जिन्यांनी वर गेलात तर बरीचशी चढण वाचते. कार्मो रविवारी बंद असते.

किल्ल्यावर वेळ उरला तरच जा, आणि तेही ७३७ क्रमांकाच्या बसने. २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये फार गर्दी असते व खिसेकापूही असतात. पदपथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे असून पावसात निसरडे होतात, त्यामुळे सासूबाईंना पकड असलेले बूट हवेत.

जेवणाबाबत दोन सूचना. पालेभाजीच्या हिरव्या सूपमध्ये बहुतेकदा चोरिसचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) तुकडे असतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घ्या. बेलेंचे प्रसिद्ध कस्टर्डचे पेस्ट्रीही अंड्याच्या बलकाचेच असतात, त्यामुळे सासूबाई अंडे खात नसतील तर त्यांच्यासाठी फळे, भाजलेले काजू किंवा साधा पाव सोबत ठेवलेला बरा.