प्राण कंठाशी येतात ते हिब्रूतही

प्रश्न : माझी मुलगी साहित्यात एम.ए. करते आहे आणि तिला पुढे हिब्रू शिकायची आहे. बायबलच्या भाषा आणि साहित्य हे दोन्ही विषय एकाच प्राध्यापकाने विद्यापीठात आयुष्यभर शिकवल्याचे उदाहरण आहे का, की हे काम धर्मशास्त्राच्या महाविद्यालयांतच चालते?
– एक वाचक, वसई

उत्तर : उदाहरण आहे, आणि चांगले ठसठशीत आहे. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले रॉबर्ट अल्टर यांनी १९६२ साली हार्वर्डमधून तुलनात्मक साहित्यात डॉक्टरेट मिळवली आणि १९६७ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत हिब्रू आणि तुलनात्मक साहित्य शिकवले. त्यांचे पहिले पुस्तक बायबलवर नव्हते. ते भटक्या, लबाड नायकांच्या युरोपीय कादंबऱ्यांवर होते. कादंबरीवर तयार झालेली हीच नजर त्यांनी पुढे बायबलच्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळवली.

ती नजर काय टिपते, ते पाहा. उत्पत्तीतल्या एका कथेत योसेफाला विकून टाकल्यावर त्याचे भाऊ त्याचा रक्तात बुडवलेला झगा बापापुढे ठेवतात आणि म्हणतात, ‘हक्केर-ना’, म्हणजे ‘ओळखा पाहू’. पुढच्याच अध्यायात, ज्या भावाने, म्हणजे यहूदाने, योसेफाला विकण्याची युक्ती काढली होती, त्याच्यापुढे त्याची सून तामार त्याचीच मुद्रा आणि काठी ठेवून नेमके तेच शब्द उच्चारते. जुन्या यहुदी भाष्यकारांनाही हे जाणवले होते. अल्टर यांनी १९८१ साली ते कथनकौशल्य म्हणून उलगडून दाखवले. भाषांतरात त्या दोन ठिकाणी वेगवेगळे शब्द पडले की सगळी वीणच उसवते, म्हणून मूळ भाषा यावी लागते.

‘नेफेश’ या शब्दाला तर इंग्रजीत ‘आत्मा’ या अर्थाचा शब्द सर्रास देत आले, जो अल्टर कटाक्षाने टाळतात, कारण नेफेश म्हणजे श्वास, जीव, आणि प्रसंगी चक्क गळा. एकोणसत्तराव्या स्तोत्रात पाणी नेफेशपर्यंत चढते, ते गळ्यापर्यंतच. ‘प्राण कंठाशी आले’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही जवळीक समजावून सांगावी लागू नये, असे मला वाटते.

संपूर्ण हिब्रू बायबलचे, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्याचे, अल्टर यांचे एकहाती भाषांतर २०१८ साली तीन खंडांत पूर्ण झाले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. एकट्याने इतके मोठे काम उचलणे आपल्याकडेही घडले आहे. पंडिता रमाबाईंनी, कोणत्याही विद्यापीठाची खुर्ची नसताना, उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून मराठी बायबल सिद्ध केले.

तेव्हा मुलीने धर्मशास्त्राकडेच वळले पाहिजे असे नाही. मात्र हिब्रूचे व्याकरण आत्ताच सुरू करावे, कारण तीन व्यंजनांच्या धातूंवर उभी असलेली ती क्रियापदे अंगवळणी पडायला वेळ घेतात. आणि बायबलमधील दानीएल व एज्रा या पुस्तकांचे काही भाग अरामी भाषेत आहेत, त्यामुळे हिब्रूच्या पाठोपाठ तीही आलीच.