मुगानं रंग बदलला नव्हता

प्रश्न : मी बडोद्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीचा विषय निघाला की मुलं विचारतात, "माकडापासून माणूस झाला, तर अजून माकडं कशी?" उत्तरपत्रिकेत हमखास येतं, "पाला उंच होता म्हणून जिराफानं मान लांब केली." एक पालक तर म्हणाले, हे सगळं दशावतारात आहेच. बाई, सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, रावपुरा

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्यांचं जिराफाचं वाक्य मी कित्येक वर्षं तपासलंय, आणि ते त्यांच्या डोक्यात मीच घातलं होतं. मी फळ्यावर लिहायची, 'प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात.' आता मराठीत जुळवून कोण घेतं? सासरी गेलेली मुलगी घेते, बदली झालेला कारकून घेतो. ज्याला परिस्थिती कळते आणि जो मनावर घेतो, तो. मुलांनी तेच ऐकलं: जिराफानं मनावर घेतलं. तेव्हापासून वर्गात तो शब्द मी टाळला. 'काही टिकले, त्यांना पिल्लं जास्त झाली' एवढंच म्हणत राहिले.

सुरुवात कडधान्यापासून करा. हिरवी चादर जमिनीवर अंथरा, थोडी चुरगळलेलीच बरी. हिरवे मूग, अख्खे मसूर आणि पांढरी चवळी, प्रत्येकी २५ दाणे मोजून पसरा. पाच मुलं पक्षी. एका वेळी एकच दाणा चिमटीत उचलायचा, वाटीत टाकायचा, मग दुसरा. थोड्या वेळानं टाळी वाजवून थांबवा. उरलेले दाणे मोजा आणि प्रत्येकाशेजारी त्याच जातीचा एक दाणा ठेवा; ही पिल्लं. अशा तीन-चार पिढ्या होऊ द्या.

चवळी बहुधा आधी संपते. माझ्या वर्गात एकदा मसूरही संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, सगळी चादर मुगाची झाली!" तिथेच थांबायचं आणि विचारायचं, "एका तरी मुगानं रंग बदलला का गं?" वर्ग गप्प होतो. होऊ द्या. लगेच व्याख्या लिहून देऊ नका, ती शांतता फार मोलाची असते. मग पुढचा प्रश्न: पहिल्यापासून हिरवा दाणा एकही नसता तर? मुलं स्वतःच सांगतात की वेगळेपण आधी असायला लागतं. ते पिल्लांत उतरायला लागतं, हे मात्र तुम्हाला सांगावं लागेल. दुसऱ्या दिवशी नव्यानं दाणे मोजा आणि तपकिरी सतरंजी अंथरा. आता मसूर टिकतो, म्हणजे मूग 'श्रेष्ठ' वगैरे नव्हता.

त्यानंतरच खऱ्या पक्ष्यांची गोष्ट सांगा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्यानं फिंच पक्षी वर्षानुवर्षं मोजले. १९७७ साली पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या, मोठ्या, टणक तेवढ्या उरल्या. जाड चोचीचे पक्षी त्या फोडू शकले, बाकीचे बहुतेक मेले. पुढच्या पिढीत सरासरी चोच आधीपेक्षा जाड निघाली. कुठल्याही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. पुढे १९८३च्या मुसळधार पावसानंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि कोण टिकणार याचा कल उलटा फिरला. हिरवी चादर आणि तपकिरी सतरंजी मुलांना इथे आपोआप आठवते.

माकडांच्या प्रश्नाला कुलवृत्तांत काढा. आपल्यातली कितीतरी घराणी गायकवाडांच्या काळात कोकणातून, देशावरून बडोद्याला आली. म्हणून गावाकडचे भाऊबंद नाहीसे झाले का? फळ्यावर वंशावळ मांडा. चुलतभाऊ म्हणजे आपला बाप नव्हे, दोघांचे आजोबा एक. चिंपांझींचे आणि आपले ते 'आजोबा' साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे, आणि ते ना चिंपांझी होते ना माणूस. माकडांशी नातं आणखी मागे जाऊन जुळतं. वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत माणूस बनतं, ते चित्र भिंतीवर असेल तर कृपा करून उतरवा.

पालकांशी वाद घालू नका. दशावतार मीही नातवंडांना सांगते, मनापासून सांगते. पण त्यात देव इच्छेनं, काही कार्यासाठी रूप घेतो. चादरीवर कुणाचीच इच्छा नव्हती. दोन्ही एकत्र कालवलं की जिराफ पुन्हा मनावर घेतो.

हे एवढं लांबण लावून लिहितेय, कारण एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गेला. ते पुस्तक चालतं तिथे बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना हा विषय नीट भेटतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तुमचे सातवी-आठवीचे तास म्हणूनच सोडू नका.

आणि कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे, तिथे वर्ग न्या. आधी प्रत्येकाला स्वतःचा हात चाचपू द्या: कोपराच्या वर एक हाड, खाली दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पराच्या आतही हाडं याच क्रमानं असतात. फोटो काढू देऊ नका. वहीच्या एका पानावर आपला हात आणि शेजारी देवमाशाचा पर, पेन्सिलीनं काढायला लावा.