छोटी ई-गाडी, लांबचा पल्ला: नाशिककर वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच वर्गातल्या गाड्यांबद्दल आहेत: टियागो, पंच, सी-थ्री, कॉमेट. बॅटरी विजेच्या 17 ते 35 युनिटांची (किलोवॉट-तास) आणि किंमत मध्यमवर्गीय घराला झेपेल अशी. या गाड्या फक्त गावात फिरवायच्या, हा समज मला अजिबात मान्य नाही. मात्र त्यांची सहल पेट्रोलच्या गाडीसारखी आखली की हाल होतात. पेट्रोलच्या गाडीत आपण आधी रस्ता ठरवतो आणि मुक्काम वाटेत कुठेतरी शोधतो. इथे आधी मुक्काम ठरवायचा, गाडी रात्रभर जिथे लागेल तो सॉकेट पक्का करायचा आणि मग रस्ता बघायचा.

प्रश्न: टियागो ईव्ही आहे, 24 युनिटांची बॅटरी. दिवाळीत आई-बाबांना आणि मुलीला घेऊन गणपतीपुळ्याला जायचंय. घरचे म्हणतात डिझेलची गाडी भाड्याने घे. काय करू? (इंदिरानगर)

आपलीच गाडी न्या, पण जायला दोन दिवस ठेवा.

कंपनीने सांगितलेला 315 किलोमीटरचा आकडा चाचणीतला आहे. चार माणसं, भरलेली डिकी, चालू एसी आणि ताशी 75-80 चा वेग धरला तर अशी गाडी शंभर किलोमीटरला साधारण 12-13 युनिट घेते. म्हणजे पूर्ण बॅटरीवर 180 किलोमीटर. सहल मात्र या 180 वर आखायची नाही. 20 टक्के कायम हातात ठेवायचे, कारण ज्या चार्जरवर पोचाल तो बंद असू शकतो आणि पुढच्यापर्यंत जाण्याइतकी बॅटरी उरलेली हवी. शिवाय फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग इतका कमी होतो, की तिथे बसून राहण्यापेक्षा निघालेलं बरं. त्यामुळे सकाळचा पहिला टप्पा 100 वरून 20 पर्यंत, सुमारे दीडशे किलोमीटरचा. त्यानंतरचे टप्पे 80 वरून 20 पर्यंत, म्हणजे 110 किलोमीटरचे. पहिल्यांदा जाणारे इथेच फसतात. सगळे टप्पे सारखेच धरतात आणि दुपारनंतर गणित बिघडतं.

आता तुमचा रस्ता. पुण्यावरून कराड अंदाजे पावणेचारशे किलोमीटर. पहिला थांबा नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात, तासभर, म्हणजे तेव्हाच जेवण. दुसरा पुणे ओलांडल्यावर खेड शिवापूरच्या आसपास. तिसरा साताऱ्यात, वीस-पंचवीस मिनिटांचा. मुक्काम कराडला, रात्रभर चार्जिंग. दुसऱ्या दिवशी 100 टक्क्यांवर निघून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. घाट उतरताना थोडी बॅटरी परत मिळते, तरी या भागात एक छोटा थांबा धरून ठेवा. येताना हाच घाट चढायचा आहे, म्हणून गणपतीपुळ्याहून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवीच.

हॉटेलला फोन करून ‘ईव्ही चार्जिंग आहे का?’ असं विचारू नका, बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. ‘पार्किंगजवळ गिझरचा किंवा एसीचा जाड पिनचा 16 अँपिअरचा सॉकेट आहे का? रात्रभरात वीस-पंचवीस युनिट लागतील, त्याचे पैसे वेगळे देतो,’ असं सांगा. मालक लगेच विचार करायला लागतो. खोली ठरवण्याआधी त्या सॉकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

वाटेतल्या चार्जरांबद्दलही दोन गोष्टी. नकाशावर चार्जर दिसतो याचा अर्थ तो चालू आहे असा नाही. प्लगशेअर या ॲपवर अलीकडे तिथे कुणी चार्जिंग करून गेलंय का ते बघा, आणि टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी यांतली जी ॲप तुमच्या रस्त्यावर लागतील ती घरीच उतरवून ॲपमधल्या पाकिटात पैसे भरून ठेवा. महामार्गावर रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं फार जिवावर येतं. दुसरं, चार्जरची गन, म्हणजे गाडीला लावायचा प्लग, सीसीएस-टू प्रकारची असली पाहिजे. जुन्या 15 किलोवॉटच्या जीबी-टी गनही नकाशावर दिसतात, त्या तुमच्या गाडीला बसणार नाहीत. 120 किलोवॉटचा चार्जर शोधण्यात वेळ घालवू नका. तुमची गाडी 25-30 किलोवॉटच्या वर ओढतच नाही.

खर्चाचंही विचारलंय. गणपतीपुळ्याला एका बाजूने साधारण 70 युनिट लागतील. घरचे आणि हॉटेलचे युनिट स्वस्त पडतात. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त, वर 18 टक्के जीएसटी. सगळं मिळून पेट्रोलच्या साधारण निम्म्यात काम होतं. ‘रुपयाला किलोमीटर’ हे गावातल्या, घरी चार्ज होणाऱ्या गाडीचं गणित आहे. सहलीला ते लागू पडत नाही.

प्रश्न: मुंबईला जाताना बॅटरी पुरते, येताना मात्र कसारा घाटात टक्के भराभर उतरतात. गाडीत बिघाड आहे का? (पंचवटी)

बिघाड नाही. मुंबई समुद्राकाठी आणि इगतपुरी-नाशिक जवळपास 600 मीटर उंचीवर. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी तेवढी वर चढवायला सपाटीच्या खर्चाशिवाय अडीच ते तीन युनिट जास्त लागतात. 24 युनिटांच्या बॅटरीत हे दहा-बारा टक्के झाले आणि त्यातले बरेचसे घाटाच्या थोड्या किलोमीटरांत जातात, म्हणून ते डोळ्यांत भरतं. इगतपुरीनंतर खर्च पुन्हा पूर्वीसारखा होतो. जाताना उतारावर रीजनमुळे, म्हणजे वेग रोखताना मोटर बॅटरीत वीज परत भरते त्यामुळे, यातला अर्धा किंवा थोडा जास्त भाग परत मिळतो. पण घरून 100 टक्के भरून निघालात आणि लगेच मोठा उतार लागला, तर भरलेल्या बॅटरीत परत घ्यायला जागा नसते आणि रीजन कमी होतं. कसाऱ्यापर्यंत पोचताना बॅटरी बरीच उतरलेली असते, म्हणून मुंबईच्या वाटेवर हा प्रश्न येत नाही. सप्तशृंगगडावर किंवा सापुताऱ्याला रात्रभर चार्ज करून सकाळी उतरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: पहिल्या उताराला गाडी नेहमीसारखी आपोआप रोखली जाणार नाही, ब्रेक स्वतः लावावा लागेल.

तुमच्या पत्रात आणखी एक भीती आहे, घाटात दोन तास वाहतूक अडली तर बॅटरी संपेल का? नाही संपणार. उभ्या गाडीत फक्त एसी वीज खातो, तासाला एखादं युनिट. कोंडीत ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा निवांत असते. शहापूर-आसनगावच्या पट्ट्यात 40 टक्क्यांच्या खाली असाल तर मात्र घाटाआधीच थोडी भरून घ्या.

प्रश्न: समृद्धीवर ई-गाडीला टोल नाही म्हणतात. मग मे महिन्यात नागपूरला समृद्धीनेच जावं ना? (गंगापूर रोड)

राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर ई-कारना टोलमाफी आहे. प्रवासानंतर फास्टॅगचा मेसेज तेवढा तपासत जा. घोटी, पिंपळगाव, शिंदे-पळसे या आपल्या नेहमीच्या नाक्यांना ही माफी लागू नाही.

समृद्धीने जा, पण 120 च्या पाटीकडे बघू नका. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 120 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. जी गाडी 80 ने 180 किलोमीटर जाते ती 120 ने शंभर-सव्वाशेतच दमते. लहान बॅटरीच्या गाडीत वेगाने वाचवलेला वेळ चार्जरवर परत द्यावा लागतो, वर चार्जिंगचे पैसे जातात ते वेगळेच. 80-85 ला डाव्या लेनमध्ये राहा आणि मागून येणाऱ्या ट्रककडे आरशात लक्ष ठेवा.

या रस्त्यावर प्रत्यक्ष महामार्गावरच चार्जर हवा असा हट्ट धरू नका. छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा लाड, वर्धा इथे उतरायला इंटरचेंज आहेत. खाली उतरून चार्ज करायचं आणि परत चढायचं. कुठे थांबायचं ते आदल्या रात्री ॲपवर बघून ठरवा. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात पहाटे चारला निघणं हाच खरा उपाय आहे. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत उभी राहू द्या. तापलेली बॅटरी स्वतःला जपण्यासाठी चार्जिंगचा वेग कमी करते, आणि सिमेंटच्या रस्त्यावर तापलेल्या टायरांनाही विश्रांती मिळते. निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा आणि ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला पूर्ण भाराचा आकडा असेल तर तोच भरा. सिन्नरच्या जुन्या ओळखीच्या रस्त्यापेक्षा हा प्रवास वेगळा आहे, मैलोन्‌मैल काही येत नाही. पाणी आणि खाणं गाडीत ठेवा.

प्रश्न: गाव कळवण तालुक्यात. घरात साधे सॉकेट, विहिरीवर थ्री फेज लाइन. गाडी गावी नेली तर चार्ज कशी करायची? (सिडको)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा लांबचा प्रवास शेवटी गावाकडेच जातो.

गाडीसोबत मिळालेला पोर्टेबल चार्जर 16 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटांच्या आसपास भरतो. रात्री नऊला लावला तर सकाळी गाडी तयार. अडचण अर्थिंगची येते. जुन्या घरांत तिसरी पिन असते, पण तिची तार कुठेच गेलेली नसते. अशा वेळी चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो सुरूच होत नाही. तो तुमच्या भल्यासाठीच थांबलेला असतो. बाजारात अर्थिंग असल्याचं भासवणारे जुगाडू प्लग मिळतात, ते कृपा करून वापरू नका. दोष निर्माण झाला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि अंगणात पोरं गाडीला हात लावत खेळत असतात. गावातल्या वायरमनकडून नीट अर्थिंगचा खड्डा करून घ्या. मीटरपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला तर वीज तोडणारा स्विच), ओसरीवर एक चांगला सॉकेट. हा खर्च एकदाच होतो आणि घरालाही उपयोगी पडतो.

एक्स्टेंशन बोर्ड नको. आठ तास सलग 13-15 अँपिअर ओढले की हलका बोर्ड वितळतो. पहिल्या तासाभरानंतर प्लगला हात लावून बघा. कोमट असला तर चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा. चार्जरमध्ये अँपिअर कमी करायची सोय असेल तर 10 वर आणा.

विहिरीवरच्या लाइनचा मोह टाळा. ती वीज शेतीसाठी सवलतीत मिळते, गाडीसाठी वापरणं नियमात बसत नाही, आणि त्या फीडरवर व्होल्टेजही स्थिर नसतं. गावठाण फीडरवरची घरची लाइनच वापरा. रात्री वीज गेली तरी बिघडत नाही, आल्यावर चार्जिंग बहुतेक गाड्यांत आपोआप पुन्हा सुरू होतं.

प्रश्न: कॉमेटने गोव्याला जाता येईल का? (सातपूर)

नका जाऊ. कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंगची सोयच दिलेली नाही आणि बॅटरी साडेसतरा युनिटांच्या आतली आहे. सुरुवातीच्या मॉडेलला पूर्ण चार्जिंगला सात तास लागतात. नंतर आलेल्या 7.4 किलोवॉटच्या व्हेरियंटला तसा चार्जर मिळाला तर याच्या निम्मे. त्र्यंबक, वणी, शिर्डी या एका दिवसाच्या फेऱ्यांना मात्र ती उत्तम गाडी आहे.

प्रश्न: पावसात फास्ट चार्जिंग करावं का? आणि रोज 100 टक्के भरल्याने बॅटरी खराब होते का? (अंबड)

पावसात चार्जिंग सुरक्षित आहे. गन बसल्यावर गाडी आणि चार्जर यांचा आपसात संवाद झाल्याशिवाय प्रवाह सुरूच होत नाही. गनची टोकं पाण्यात पडलेली नाहीत एवढं बघा. पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावरून गाडी घालणं वेगळं, ते कुठल्याच गाडीने करू नये.

100 टक्क्यांचं उत्तर बॅटरीच्या रसायनावर अवलंबून आहे. टाटाच्या छोट्या ई-गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. ती अधूनमधून घरच्या संथ चार्जरवर पूर्ण भरलेली चांगली, त्यामुळे उरलेल्या टक्क्यांचा अंदाज अचूक राहतो. सहलीतल्या चार-सहा फास्ट चार्जिंगने काहीही होत नाही.

प्रश्न: मी आणि माझी मुलगी दोघीच जाणार आहोत. रात्री चार्जरवर थांबायची भीती वाटते, आणि वाटेत गाडी बंद पडली तर? (नाशिक रोड)

ताई, सूर्यास्तानंतर फास्ट चार्जिंगची वेळच येणार नाही असा दिवस आखा. दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलंत की ते सहज जमतं. थांबे निवडताना माणसांचा वावर असलेले घ्या: मोठा पेट्रोल पंप, कुटुंबं जेवायला येतात ते हॉटेल. शोरूमच्या आवारातले चार्जर संध्याकाळी गेटाआड जातात, म्हणून वेळ फोनवर विचारून घ्या.

निघण्याआधी सर्व्हिस सेंटरला 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासायला सांगा. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बसली की गाडी चालूच होत नाही. रोडसाइड असिस्टन्सची मुदत संपलेली नाही ना ते बघा आणि नंबर दोघींच्याही फोनमध्ये ठेवा. गाडी न्यायची वेळ आलीच तर फ्लॅटबेड, म्हणजे सपाट ट्रकच मागवा. दोर बांधून, मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरवत ओढलेल्या ई-गाडीच्या मोटरला इजा होऊ शकते. मदतीला आलेल्या माणसाने कितीही आग्रह केला तरी ठाम नाही म्हणा.