ग्रहयानाचा कच्चा चुंबकीय डेटा जपून ठेवायची खरंच गरज असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅलिब्रेट केलेला (म्हणजे दुरुस्त्या करून खऱ्या एककात आणलेला), नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात मांडलेला, कुणालाही उतरवून घेता येईल असा डेटा अर्काइव्हमध्ये, म्हणजे कायमच्या साठ्यात, असताना मॅग्नेटोमीटरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचे, कच्चे आकडे वेगळे साठवायचे कशाला? ते पुन्हा उघडतं कोण?

उघडणारे फारच थोडे, हे आधीच कबूल करतो. मी असा डेटा वापरतो आणि माझं बहुतेक काम कॅलिब्रेटेड फाइलवरच उरकतं. तरीही कच्चा डेटा टाकून द्यायला माझा ठाम विरोध आहे. आणि तेवढ्यावर भागतही नाही. त्याच्या आजूबाजूचा जो पसारा बिनकामाचा वाटतो, तोही ठेवावा लागतो. तुमच्या प्रश्नात हा दुसरा भाग आलेला नाही, पण खरी गोम तिथेच आहे.

आधी कच्चा डेटा दिसतो कसा ते बघू. नासाचं मेसेंजर यान मार्च 2011 ते एप्रिल 2015 बुधाभोवती फिरत होतं. यानापासून 3.6 मीटर बाहेर काढलेल्या दांड्याच्या टोकाला त्याचा फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर होता. या उपकरणात चुंबकीय धातूचा एक गाभा असतो. विद्युतप्रवाहाने तो उलटसुलट संपृक्त करत राहायचा. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेल तर दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो, आणि किती बिघडला ते मोजायचं. तीन अक्ष, तीन मापं. इलेक्ट्रॉनिक्स या मापांचे पूर्णांक करतं, त्यांना आम्ही काउंट म्हणतो. कच्च्या नोंदीत मुख्य ऐवज एवढाच: यानाच्या घड्याळाचा आकडा, रेंज कोणती त्याची खूण आणि तीन काउंट. त्यात तारीख नसते, नॅनोटेस्ला नसतात, आणि हा अक्ष सूर्याकडे की उत्तरेकडे, हेही नसतं.

समजा एका अक्षावर काउंट आहे 6400. मेसेंजरच्या मॅग्नेटोमीटरला दोन रेंज होत्या: बारीक, म्हणजे अधिक-उणे 1530 नॅनोटेस्ला, आणि ढोबळ, म्हणजे अधिक-उणे 51,300. सोळा बिटांत 65,536 पायऱ्या बसतात. त्यामुळे बारीक रेंजमध्ये एक काउंट सुमारे 0.047 नॅनोटेस्लाचा आणि ढोबळ रेंजमध्ये सुमारे 1.57 नॅनोटेस्लाचा. म्हणजे तोच 6400 एका रेंजमध्ये 300 नॅनोटेस्ला होतो आणि दुसऱ्या रेंजमध्ये दहा हजार. बुधाचं विषुववृत्तावरचं क्षेत्र 200 नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. तेव्हा रेंजची ती एक खूण हरवली तर बाकीचा आकडा घेऊन काय करणार?

काउंटपासून कॅलिब्रेटेड फाइलपर्यंत पोचायला बऱ्याच पायऱ्या आहेत. सेन्सरचा शून्य कुठे आहे ते ठरवायचं, तापमानानुसार तो सरकतो त्याची भरपाई करायची, तीन अक्ष एकमेकांना अगदी काटकोनात नसतात ते दुरुस्त करायचं, यानाच्या घड्याळावरून खरी वेळ काढायची, यानाची दिशा बघून अक्ष फिरवायचे, आणि यानाचं स्वतःचं चुंबकत्व वजा करायचं. यातली प्रत्येक पायरी कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. शून्याचंच घ्या. अंतराळात सेन्सर शून्य क्षेत्रात नेऊन तपासायची सोय नाही. मग सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या झोताचा, आधार घेतात: तिथे बराच वेळ क्षेत्राची दिशा डुलत राहते पण एकूण तीव्रता जवळपास तेवढीच राहते. म्हणून तीव्रता सगळ्यात स्थिर दिसेल असा शून्य निवडायचा. युक्ती सुंदर आहे, पण कोणता कालखंड घ्यायचा आणि कोणता वगळायचा हे माणूसच ठरवतो. पाच वर्षांनी कुणाला अधिक चांगली निवड सुचली, तर तिला सुरुवात करायला मूळ काउंटच हवेत.

कुणी म्हणेल, वजा केलेला शून्य परत मिळवला की झालं. तेवढंच केलं असेल तर चालेलही. पण मध्ये एकदा सरासरी काढली, 'खराब' बिंदू उडवले किंवा फिल्टर लावला, की मागे यायची वाट बंद होते.

वेळेबद्दल एक गोष्ट. मेसेंजर बुधाच्या जवळून जाताना सेकंदाला पावणेचार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असे. घड्याळाच्या रूपांतरात एका सेकंदाची चूक झाली तर तुमचं माप जवळजवळ चार किलोमीटर भलत्या जागी जाऊन बसतं. म्हणून घड्याळ, कक्षा आणि यानाची दिशा यांच्या फाइली, ज्यांना स्पाइस कर्नल म्हणतात आणि ज्या नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतला नैफ गट सांभाळतो, त्याही अर्काइव्हचाच भाग असतात. कर्नल पुढे सुधारले जातात. तसे ते सुधारले, की कच्च्या डेटावरून सगळं नव्याने काढता येतं.

आता माझं आवडतं उदाहरण: युरोपीय अंतराळ संस्थेचं व्हीनस एक्सप्रेस. हे यान मार्स एक्सप्रेसच्या आराखड्यावर, कमी खर्चात आणि झपाट्याने तयार झालं. नोव्हेंबर 2005 मध्ये उडालं आणि एप्रिल 2006 मध्ये शुक्राच्या कक्षेत पोचलं. शुक्राला स्वतःचं असं अंतर्गत चुंबकीय क्षेत्र नाही. तिथे जे मोजायचं ते सौरवारा वातावरणावर आदळून तयार झालेलं, काही दहा नॅनोटेस्लाचं. (तुलनेला सांगतो, आपल्या अलिबागला चाळीस हजारांच्या वर असतं.) इतकं क्षीण क्षेत्र मोजायचं तर यान चुंबकीयदृष्ट्या 'स्वच्छ' बांधावं लागतं: तारांची मांडणी, मोटारी, बॅटरी, सगळं जपून. व्हीनस एक्सप्रेस तसं बांधलेलंच नव्हतं. आणि दांडा किती लांब? एक मीटर. हीटर चालू झाला, एखादं उपकरण बंद झालं, की आलेखात पायरी उठणार. शुक्राशी तिचा काही संबंध नाही.

यावर तोडगा असा की सेन्सर दोन ठेवले: एक दांड्याच्या टोकाला, दुसरा थेट यानाच्या अंगावर. शुक्राजवळचं क्षेत्र दोघांना सारखंच दिसणार, कारण एका मीटरच्या अंतरात ते बदलत नाही. यानाचा गोंगाट मात्र अंगावरच्या सेन्सरला जास्त आणि टोकाच्या सेन्सरला कमी दिसणार. दोघांची वजाबाकी केली की शुक्र गळून पडतो आणि उरतं ते निव्वळ यान. या फरकात जिथे उडी दिसेल तिथे यानात काहीतरी घडलंय. तेवढी उडी हिशेबाने टोकाच्या सेन्सरमधून काढून टाकायची. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या अंतराळ संशोधन संस्थेने या उपकरणाचं नेतृत्व केलं. अशा धुतलेल्या डेटातून 2012 साली शुक्रामागच्या चुंबकीय शेपटीत क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जोडल्या जात असल्याचा पुरावा मांडला गेला. ग्रहाला स्वतःचं क्षेत्र नसताना तिथे हे घडतं, हीच त्यातली मोठी बातमी होती.

आता तुमचा प्रश्न इथे लावून बघा. अंगावरच्या सेन्सरचा डेटा शुक्राबद्दल सरळ काहीच सांगत नाही. 'अंतिम' फाइलमध्ये त्याला जागाही नाही. जागा वाचवायची म्हणून कुणी काही उडवायला बसला, तर पहिला बळी त्याचाच जाईल. आणि तो गेला की धुलाई बरोबर झाली की नाही हे कुणालाच कधी तपासता येणार नाही. एखादी छोटीशी उडी यानाची होती की शुक्राची, हा वाद निघाला, तर त्याचा निवाडा करणारा साक्षीदार तोच एक आहे.

म्हणूनच मी वर पसाऱ्याबद्दल म्हणालो. सेन्सरचं तापमान, कोणतं उपकरण कधी चालू होतं, सौरपॅनेलमधून किती प्रवाह जात होता, यान कधी मुद्दाम गोल फिरवलं, हे सगळं लागतं. नासाच्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर या मंगळाभोवती फिरलेल्या यानावर तर मॅग्नेटोमीटर सौरपॅनेलच्या टोकांनाच लावलेले होते. पॅनेलच्या प्रवाहाची नोंद नसती तर मंगळाच्या कवचातलं चुंबकत्व आणि पॅनेलचं चुंबकत्व वेगळं करणं अवघड होतं. (त्या यानाचं एक पॅनेल दुखावल्यामुळे वातावरणात घासून वेग कमी करायचा काळ लांबला आणि यान बराच काळ शंभर-सव्वाशे किलोमीटर इतक्या खालून जात राहिलं. मंगळाच्या कवचाचं चुंबकत्व इतक्या ठळकपणे हाती लागलं ते त्यामुळे. काही अपघात असे फळतात.)

खरं तर हे सगळं आपल्याकडे फार जुनं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळा अलिबागला हलवली. पण 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडता यावी. त्याच कुलाब्याच्या, 2 सप्टेंबर 1859 च्या चुंबकीय महावादळाच्या (सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीचं क्षेत्र ढवळून निघालं त्या) वेळी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेल्या नोंदी 2003 साली पुन्हा अभ्यासल्या गेल्या आणि क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळल्याचं पुढे आलं. नंतर इतरांनी त्याच नोंदींची ताशी सरासरी काढली तर आकडा निम्म्याच्या जवळ आला, आणि वादळाची तीव्रता नेमकी कशाने मोजावी हा वाद सुरू झाला. वाद चांगला आहे. नुसती ताशी सरासरी छापून मूळ वह्या रद्दीत गेल्या असत्या तर तो झालाच नसता.

तुमच्या बाजूनेही एक उदाहरण देतो. नासाचं गॅलिलिओ यान 16 डिसेंबर 1997 रोजी गुरूच्या युरोपा या चंद्राजवळून सुमारे 200 किलोमीटरवरून गेलं. मुख्य अँटेना उघडलीच नव्हती, त्यामुळे डेटा टेपवर भरून कासवाच्या गतीने पृथ्वीवर पाठवावा लागे. त्या भेटीत क्षेत्रात एक छोटा, विचित्र मोड दिसला होता. 2018 मध्ये नव्या संगणकीय प्रारूपांशी ताडून पाहिल्यावर तो मोड युरोपातून उसळणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या फवाऱ्याशी जुळतो, असं दाखवलं गेलं. हे काम अर्काइव्हमधल्या कॅलिब्रेटेड डेटावर झालं, काउंटपर्यंत खाली जावं लागलं नाही. म्हणजे चांगला, पूर्ण वेगाचा कॅलिब्रेटेड डेटा खूप दूर नेतो, यात शंका नाही.

जागेचा प्रश्न तर मॅग्नेटोमीटरच्या बाबतीत मला हास्यास्पदच वाटतो. मेसेंजरचा कमाल वेग सेकंदाला 20 मापं. दिवसाची झाली 17,28,000. एका मापाला तीन अक्षांचे सहा बाइट धरले तर दिवसाला दहा एमबीच्या आसपास. फोनवरचे दोन-तीन फोटो.

खर्च होतो तो माणसांचा. नासाच्या पीडीएस या ग्रहविषयक डेटाच्या अर्काइव्हमध्ये चुंबकीय आणि प्लाझ्मा डेटा यूसीएलएमधला पीपीआय विभाग सांभाळतो. तिथे फाइल द्यायची म्हणजे प्रत्येक तक्त्यासोबत एक्सएमएल लेबल: कोणता रकाना कितव्या बाइटला सुरू होतो, एकक काय, डेटा नसेल तर कोणता आकडा भरलाय. साधे तक्ते, साधा मजकूर. कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तरच उघडेल असं काही नाही. मग बाहेरचे परीक्षक तो डेटा खरोखर वापरून बघतात आणि प्रश्न विचारतात. हे काम कंटाळवाणं असतं, त्यातून शोधनिबंध निघत नाहीत, म्हणून मोहिमेच्या शेवटी ढकललं जातं. एका जुन्या प्रयोगाचा डेटा मला हवा होता तेव्हा काउंट व्यवस्थित मिळाले, पण शून्याच्या दुरुस्त्यांचा तक्ता एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर होता आणि तो विद्यार्थी केव्हाच बँकेत नोकरीला लागला होता. संस्थेचं नाव घेत नाही. अशा कथा या क्षेत्रात कुणालाही विचारा, मिळतील.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि हे हाताळून बघायचं असेल, तर पीपीआयच्या संकेतस्थळावरून मेसेंजरच्या एकाच दिवसाची ईडीआर म्हणजे कच्ची आणि सीडीआर म्हणजे कॅलिब्रेटेड फाइल घ्या. आधी लेबल वाचा, मग डेटा. काउंटला 0.047 ने गुणून कॅलिब्रेटेड आकड्यांशेजारी आलेख काढा आणि फरक कुठून येतो ते शोधत बसा. दोन सेन्सरची गंमत हवी असेल तर आपल्या आदित्य-एल1 कडे वळा. ते ग्रहाभोवती फिरत नाही, पण त्याच्या सहा मीटरच्या दांड्यावर एक सेन्सर टोकाला आणि दुसरा मध्यावर, तीन मीटरवर आहे. त्याचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. काही अडलं तर इथेच खाली लिहा. लेबल वाचताना अडलात तर त्या ओळी जशाच्या तशा चिकटवा, म्हणजे सांगता येईल.