“मला साधे लंगोटही जमत नाहीत”

दर दोन-चार महिन्यांनी एखादी नवी आई समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसते आणि हेच बोलते. शब्द थोडे वेगळे असतात. ‘कापडी डायपर घेऊन पस्तावले.’ ‘आमच्या आज्यांनी सहा-सहा पोरांचे लंगोट धुतले, मला एकाचे झेपत नाहीत.’ इथे सांगते ती गोष्ट अशा अनेक भेटी मिळून झाली आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ती पुण्याच्या वेशीवर, टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहणारी. बाळ पाच महिन्यांचं. गरोदरपणातच तिने २४ पॉकेट डायपर घेऊन ठेवले होते. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, आत मऊ अस्तर आणि मधल्या खिशात सरकवायची इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी जाड घडी. पहिले चार महिने बरे गेले. नंतर प्रत्येक डायपर तासाभरात गळायला लागला. सकाळी डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास, बाळाच्या मांड्या लाल. नवरा म्हणे, “वापरून फेकायचे आणूया ना, कशाला जिवाला त्रास?” सासूबाई म्हणत, “आम्ही नाही बाई असलं काही केलं.” दोघं बोलत होते वेगवेगळं, तिला ऐकू येत होतं एकच.

अशा वेळी आधी मी झोप, भूक आणि रडू यांची चौकशी करते. बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील, तर विषय डायपरचा राहत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवेत. हिचं तसं नव्हतं. ती दमली होती आणि त्या दमण्याला तिने स्वतःचा नालायकपणा असं नाव देऊन टाकलं होतं.

“पुढच्या वेळी एक धुतलेला, वाळलेला डायपर घेऊन या,” मी म्हटलं. तिला वाटलं मी गंमत करतेय. पण गळणारा डायपर आणि गळून गेलेली आई या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या भेटीत टेबलावर इन्सर्ट पसरली आणि चमचाभर पाणी घातलं. पाणी आत गेलंच नाही. थेंब गोल राहिले आणि कडेने घरंगळले.

“हे पाणीच पीत नाही,” ती म्हणाली.

“मग तुम्ही काय करणार होतात?”

ती पहिल्यांदा हसली.

ही चाचणी कुणालाही घरी करता येते. कापड पाणी झिडकारतं त्याची कारणं थोडीच असतात. धुण्यात कंडिशनर, म्हणजे कपडे मऊ करणारं वासाचं द्रव, घातलं की धाग्यांवर त्याचा थर बसतो. रॅशचं झिंकचं मलम थेट कापडाला लागलं तरी तेच होतं, म्हणून मलम लावायचं असेल तेव्हा वर जुन्या सुती कापडाची पट्टी ठेवावी. नवी सुती किंवा बांबूची इन्सर्ट चार-पाच वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. पण कापड पाणी पीत असूनही डायपर गळत असेल तर कारण घालण्यात असतं. मांडीपाशी फट राहिली, अस्तराची कड बाहेर आली, बाळ वाढलं तरी पुढची टिचबटणं जुन्याच ओळीत लावली. मांडीच्या इलॅस्टिकखाली एक बोट जेमतेम जावं, दोन जायला नकोत. मायक्रोफायबरची इन्सर्ट पटकन शोषते पण दाबली की सोडते, म्हणून कडेवर घेतलं की ओलं होतं. तिच्याखाली बांबूची किंवा सुती घडी ठेवली की भागतं. मायक्रोफायबर थेट कातडीला मात्र लावू नये, ते कातडीचा ओलावा ओढून घेतं.

“पण मी कंडिशनर वापरतच नाही,” ती म्हणाली.

म्हणून तिसऱ्या भेटीला तिघांना बोलावलं. एकट्या आईला दुरुस्त करून पाठवण्यावर माझा विश्वास नाही. घरात जे अडतं ते बहुतेकदा माणसांच्या मधल्या जागेत अडतं. ‘कंडिशनर कोण घालतं?’ असं विचारलं असतं तर खोलीचं कोर्ट झालं असतं. मी कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, डायपर काढल्यापासून पुन्हा घालेपर्यंत काय काय होतं ते सांगा.

काढणं. शी संडासात टाकणं. विसळणं. इन्सर्ट बाहेर ओढणं. साठवणं. मशीन लावणं. वाळत घालणं. काढून इन्सर्ट पुन्हा भरणं. घालणं. नऊ कामं झाली.

“मी बदलतो की,” नवरा म्हणाला. मग कागदाकडे बघून स्वतःच म्हणाला, “म्हणजे पहिलं आणि नववं.” थोड्या वेळाने त्याने भर घातली. “एकदा वाळतही घातले होते. हिने सगळे काढून परत घातले. मग मी नाद सोडला.”

ती काही बोलणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “मशीनमध्ये ते वासाचं झाकणभर मी घालते.”

सगळे थांबले.

“त्या घड्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. बाळाला टोचतील म्हणून.”

“मला वाटायचं तुम्हाला हे डायपर आवडतच नाहीत.”

“नाहीच आवडत. पण टोचायला नकोत ना.”

अशा क्षणी मी मध्ये बोलत नाही. समुपदेशक म्हणून कमावलेलं काही असेल तर ते हे गप्प राहणं. तीन आठवडे जिच्या बोलण्याला ती टोमणा समजत होती ती बाई चोरून बाळाचे कपडे मऊ करत होती, आणि त्याच मऊपणामुळे डायपर गळत होते.

कडकपणाचं मूळ पाण्यात होतं. जड पाण्यातले क्षार बराच साबण खाऊन टाकतात. त्यात ‘बाळाचं आहे’ म्हणून ती चमचाभरच पावडर घालत होती. शू पुरती निघत नव्हती. उरलेल्या शूतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, सकाळचा वास तो. उपाय: आधी गार पाण्यात छोटं धुणं, निम्म्या मापाने. मग मोठं धुणं, जड पाण्यासाठी आणि जास्त मळलेल्या कपड्यांसाठी पाकिटावर दिलेलं पूर्ण माप घालून. कव्हर ४० अंशांपर्यंत, इन्सर्ट ६० पर्यंत चालतात. कंडिशनर कायमचं बंद. बसलेला थर गरम पाणी आणि पूर्ण मापाच्या साबणाने दोन-तीनदा धुतला की निघतो. वापरलेले डायपर बादलीत भिजत ठेवू नयेत. पाण्यात जंतू वाढतात आणि रांगत्या बाळाच्या घरात भरलेली बादली धोक्याचीच. इन्सर्ट उन्हात, कव्हर सावलीत. लाल मांड्या दोन-तीन दिवसांत निवळल्या नाहीत, किंवा जांघेच्या घड्यांत बारीक लाल पुळ्या दिसल्या, तर बुरशीचा संशय धरून बालरोगतज्ज्ञाकडे जावं.

कामाची वाटणी मी ‘मदत’ या शब्दाशिवाय करायला लावते. मदत मागितली की काम मागणाऱ्याचंच राहतं. त्यांच्यात ठरलं ते असं: एक दिवसाआड मशीन लावण्यापासून इन्सर्ट भरण्यापर्यंत सगळं नवऱ्याचं. त्या वेळी तिने गॅलरीत जायचं नाही. हीच अट तिला सगळ्यात कठीण गेली. रात्री आणि प्रवासात वापरून फेकायचे डायपर, कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, कचरावेचकाला न उघडता कळावं म्हणून. ‘मग पर्यावरणाचं काय?’ तिने विचारलंच. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या २००८ च्या अभ्यासात कापडी डायपरचा कार्बनभार सुमारे ४० टक्के कमी भरला होता, पण मशीन पूर्ण भरून लावली, डायपर दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तर. ड्रायरमध्ये वाळवले की फायदा वितळतो. रात्रीच्या एका डायपरने तिचा हिशेब कोसळणार नव्हता.

शेवटच्या भेटीत तिने पावसाळ्याचं विचारलं. बांबूच्या जाड इन्सर्ट पंख्याखालीही दीड-दोन दिवस दमट राहतात. उत्तर सासूबाईंनीच आणलं होतं: जुन्या सुती साडीचे चौकोन, एकेरी वाळत घालायचे, लवकर सुकतात, मग घडी करून खिशात सरकवायचे.

“आणि गुरुवारी?” मी विचारलं. गुरुवार नवऱ्याचा.

“एक इन्सर्ट चुरगळून भरली होती. सकाळी गळलं.”

“मग?”

“त्याने बदललं. मी झोपले होते.”