जुन्या गाडीला पत्र येत नाही

*या वेळच्या पत्रांत तीन प्रश्न एकमेकांना जवळचे निघाले. विचारणारे वेगळे, गाड्या वेगळ्या. पण तिघांच्याही मनात भाव आणि सुरक्षितता या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. म्हणून तिन्ही उत्तरं एकत्र देते.*

प्रश्न : माझ्याकडे 2003 सालची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आहे, ई-46 या पिढीची. एकच मालक, 61 हजार किलोमीटर, एकही भाग बदललेला नाही. एअरबॅगमध्ये दोष आहे, ती बदलून घ्या असं कंपनीचं रिकॉलचं पत्र आलंय. पण जुन्या गाड्या जमवणारा मित्र म्हणतो, स्टीअरिंग उघडलं की गाडी 'ओरिजिनल' राहत नाही, पुढे भाव येणार नाही. काय करू?

आधी गाडी चालवणं थांबवा. मग वेळ ठरवून एअरबॅग बदलून घ्या. एवढं केल्याशिवाय पुढचं वाचू नका, असंच मला म्हणायचं आहे.

तुमच्या पत्रात ज्या एअरबॅगचा उल्लेख आहे ती टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीची. एअरबॅग फुगते ती इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या छोट्या डबीतल्या गॅसमुळे, आणि टकाटाच्या या डब्यांत तो गॅस तयार होतो अमोनियम नायट्रेटच्या दाबलेल्या गोळ्यांमधून. हे रसायन ओलावा धरतं. वर्षानुवर्षं दिवसा ऊन, रात्री गारवा, हवेत दमटपणा असं चाललं की गोळ्या भुसभुशीत होतात. धक्का बसला की त्या ठरल्या वेगाने जळत नाहीत, एकदम भडकतात. मग डबी फुटते आणि तिचे तुकडे एअरबॅगचं कापड फाडून थेट चालकाच्या गळ्यावर, चेहऱ्यावर येतात. हे व्हायला मोठा अपघात लागत नाही. एरवी जिथून माणूस चालत बाहेर आला असता अशा किरकोळ धडकेतही लोक गेले आहेत. वय वाढेल तसा हा धोका वाढत जातो, म्हणून 'वीस वर्षं काही झालं नाही' हा दिलासा इथे उलटा पडतो. मे 2023 मध्ये अमेरिकेत 2000 ते 2006 सालच्या सुमारे 90 हजार बीएमडब्ल्यूंच्या मालकांना 'दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका' असं सांगण्यात आलं. त्यात ई-46 होती.

आता मूळपणाचं. मित्राचा हेतू चांगला असेल, पण त्याची समजूत चुकीची आहे. जाणता ग्राहक मूळ रंग, मूळ पत्रा, मूळ इंजिन, सीटचं मूळ कापड बघतो. टायर, ब्रेक पॅड, बेल्ट, होस पाइप हे झिजणारे भाग आहेत. रिकॉलमध्ये बदललेली एअरबॅग याच रांगेत बसते आणि ती खुद्द उत्पादकाने दिलेली असते. मी जुन्या गाड्यांच्या मूल्यमापनाला जाते तेव्हा रिकॉल पूर्ण झाल्याचा कागद फाइलमध्ये दिसला की त्या मालकाबद्दलचं माझं मत सुधारतं. ज्याने हे पत्र गांभीर्याने घेतलं, त्याने तेलही वेळेवर बदललं असणार, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक सांगते, कारण ई-46 विकत घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. या गाड्यांचं स्टीअरिंग व्हील पुष्कळांनी हौसेने बदललेलं असतं. साधं काढून स्पोर्ट बसवतात आणि ते दुसऱ्या एखाद्या गाडीतून काढलेलं असतं. मग संकेतस्थळावर गाडीचा चेसिस नंबर टाकला तरी रिकॉल दिसत नाही, पण धोका हातात असतो. हा काल्पनिक घोळ नाही. 2024 मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत 2006 ते 2012 सालच्या सुमारे 3 लाख 94 हजार गाड्यांचा रिकॉल नेमक्या याच कारणासाठी जाहीर केला. तेव्हा नुसता नंबर टाकून बघू नका. समोरचं व्हील या गाडीत कारखान्यातूनच आलं होतं का, हे विचारा.

प्रश्न : वडिलांची 1966 सालची फोक्सवॅगन बीटल आता आम्हा भावंडांकडे आली आहे. भावाने रिस्टोरेशनचा खर्च केला आणि पावत्यांची बेरीज म्हणजेच गाडीची किंमत असं तो धरून चाललाय. घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी जाहिराती दाखवून वेगळाच आकडा सांगितला. खरी किंमत कशी काढायची? आणि इतक्या जुन्या गाडीचा रिकॉल कुठे तपासायचा?

ताई, दोन्ही आकडे बाजूला ठेवा. पावत्यांची बेरीज सांगते की किती पैसे गेले. जाहिरातीतला आकडा सांगतो की कुणाची काय इच्छा आहे. भाव ठरतो तो प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून.

सुरुवात ओळखीपासून करा. मागची सीट उचला. खाली मधोमध जो उंचवटा जातो त्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. 1966 मॉडेलचा नंबर नऊ आकडी आणि 116 ने सुरू होणारा हवा. त्यातला 6 म्हणजे वर्ष. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, म्हणून 1965 च्या शेवटी बनलेली गाडीही 1966 चीच धरतात. कागदावर 65 आणि गाडीवर 116 दिसलं तर घाबरू नका. मग मागचं झाकण उघडून डायनॅमो ज्या बैठकीवर बसतो तिच्या खाली इंजिन नंबर वाचा. त्या वर्षीच्या 1300 सीसी इंजिनाचा नंबर एफ अक्षराने सुरू होतो. दुसरं अक्षर असेल तर इंजिन बदललेलं असू शकतं. बदललेल्या इंजिनाने गाडी वाईट ठरत नाही, पण भाव बदलतो आणि विकताना ते सांगावं लागतं. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून चेसिस नंबरावरून गाडीचा जन्मदाखला मिळतो. ती कधी बनली, कोणत्या रंगात, कोणत्या देशाला पाठवली, हे त्यात असतं. रंग जुळला तर तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

मग अवस्था. या क्षेत्रात हॅगर्टी या विमा कंपनीची चार पायऱ्यांची मोजणी बरीच रूढ आहे. 1 म्हणजे प्रदर्शनात पहिली यावी अशी, 2 म्हणजे उत्तम, 3 म्हणजे चांगली, वापरातली, 4 म्हणजे चालते पण उणिवा उघड दिसतात. बहुतेक मालक स्वतःच्या गाडीला 2 देतात. बहुतेक गाड्या 3 असतात. आपल्या गाडीला 2 म्हणायच्या आधी मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर, मडगार्डच्या जोडावर, हेडलाइटभोवती फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग गाडीखाली आडवं होऊन दोन्ही बाजूंच्या लांब पोकळ पट्ट्या बघा, ज्यांतून हीटरची गरम हवा पुढे जाते. बीटल गंजते ती तिथून, आणि तिथला पत्रा बदलणं हे मोठं काम आहे. नवा रंग बघून भाळणारे या पट्ट्यांकडे बघत नाहीत.

आता तुलना. त्याच वर्षगटातल्या, त्याच अवस्थेतल्या, गेल्या वर्षभरात *खरोखर विकल्या गेलेल्या* तीन ते पाच गाड्या शोधा. लिलावाचे निकाल वाचताना एक गोष्ट विसरू नका. हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि घेणाऱ्याचं कमिशन धरून छापली जाते ती वेगळी. 2018 मध्ये अमेरिकेत मॉन्टेरेच्या लिलावात फेरारी 250 जीटीओ विकली गेली तेव्हा हातोडा 4 कोटी 40 लाख डॉलरवर पडला, बातमीत आले 4 कोटी 84 लाख. एकाच विक्रीत एवढा फरक. तुमच्या हाती जे येतं ते हातोड्याच्या आकड्याजवळचं, त्यातूनही विकणाऱ्याचं कमिशन जातं. एखादा निकाल बाकीच्यांपेक्षा फार वर दिसला तर तो सोडून द्या. त्या दिवशी हट्टाला पेटलेले दोन जण सभागृहात होते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

दुर्मीळपणाबद्दल भावाची समजूत घाला. त्या जीटीओ जेमतेम 36 बनल्या. बीटल 2003 मध्ये थांबली तेव्हा 2 कोटी 15 लाखांहून जास्त झाल्या होत्या. बीटलमध्ये दुर्मीळ म्हणतात ते मागची काच मधल्या पट्टीने दुभागलेली, मार्च 1953 च्या आधीची मॉडेल. 1966 ची गाडी गोड आहे, भरवशाची आहे, पण दुर्मीळ म्हणून तिचा भाव चढणार नाही. ती चढेल ती कागदांनी, मूळ अवस्थेने आणि वडिलांनी सांभाळलेल्या नोंदवहीने, असली तर. शेवटी एक आकडा काढू नका. खालचा आणि वरचा असे दोन काढा आणि मधल्या अंतरात बोलणी होऊ द्या. पावत्या जरूर दाखवा, कारण पत्र्याचं काम खरंच झालंय याचा तो पुरावा आहे.

आणि रिकॉल. तुमची गाडी ज्या सालची त्याच साली, 1966 मध्ये, अमेरिकेत मोटार सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि दोष कळवण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. फुकट दुरुस्तीची सक्ती तर 1974 ची. आज आपण संकेतस्थळावर टाकतो तो 17 अक्षरी क्रमांक 1981 च्या मॉडेलपासून आला. तुमचा नऊ आकडी नंबर तिथे चालणारच नाही. म्हणजे या गाडीचं पत्र कुणी पाठवणार नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल, आणि त्यात काय लिहायचं ते मला एका दुपारी कळलं.

अनेक वर्षांपूर्वी मी एक बीटल बघायला गेले होते. गाडी सुंदर होती. मी नंबर पाहिले, पत्रा पाहिला, वहीत 2 लिहिलं. मालक म्हणाले, एक चक्कर मारू. मागे त्यांची नातवंडं बसली, दोघं, आणि त्यांच्यामध्ये त्यांची आई. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पाच मिनिटांत जळक्या काथ्याचा वास आला. मला वाटलं बाहेरून येतोय. मग मुलगी म्हणाली, "खालून गरम लागतंय." आम्ही सगळ्यांना उतरवलं, सीट ओढून काढली. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. वरचं झाकण गायब होतं. वजनाने सीटची स्प्रिंग खाली दबली आणि दोन टर्मिनलांवर टेकली. स्प्रिंगची तार लालसर झाली होती, भोवतीचा काथ्या काळा पडून धुमसत होता. कुणाला काही झालं नाही. पण त्या सीटखालचा नंबर मी अर्ध्या तासापूर्वी टॉर्च लावून वाचला होता. बॅटरी माझ्या नजरेसमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, कारण मी भाव काढायला गेले होते. तेव्हापासून वहीचं पहिलं पान मी सुरक्षिततेला दिलंय. भाव दुसऱ्या पानावर.

तुमच्या पहिल्या पानावर हे लिहा. बॅटरीवर घट्ट बसणारं झाकण. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या कापडी वेष्टनाच्या नळ्या: नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा बोटांना ओल लागली तर त्याच दिवशी सगळ्या बदला, क्लिपांसकट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत घेणारी छोटी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती बोटांनी हलते का बघा. ती निसटली की पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं, आणि बीटल जळल्याच्या हकिगतींमागे बरेचदा हीच नळी असते. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. 0315 म्हणजे 2015 चा तिसरा आठवडा. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी दहा वर्षांचं रबर बदलायचंच. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे. विक्री ठरायची वाट बघू नका. घ्यायला येणारा माणूस चक्कर मारायला मुलांना घेऊन येईल.

प्रश्न : 1974 सालची फोर्ड पिंटो विकत घेतोय. मालक म्हणतात, रिकॉल केव्हाच झालाय, पण कागद नाही. विश्वास ठेवू का?

विश्वासाची गरजच नाही, डोळ्यांनी दिसेल. पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे. मागून धडक बसली की ती पुढे सरकून डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या, बोल्टांवर आपटायची आणि फाटायची, शिवाय पेट्रोल भरायची नळी टाकीतून निसटायची. 1978 मध्ये 1971 ते 1976 च्या पिंटो आणि तिची जुळी मर्क्युरी बॉबकॅट अशा सुमारे 15 लाख गाड्यांचा रिकॉल झाला. टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लास्टिकची ढाल बसवली आणि भरायची नळी लांब केली. स्टेशन वॅगन त्यात नव्हती, हे आधी बघा.

गाडी उचलून मजबूत स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको, आणि टॉर्च घेऊन टाकीची पुढची बाजू पाहा. ढाल असेल तर तिथेच फोटो काढा आणि फाइलमध्ये ठेवा. नसेल तर अमेरिकेच्या कायद्यातली फुकट दुरुस्तीची मुदत, जी आज 15 वर्षं आहे, केव्हाच उलटली आहे. तेव्हा ढाल आणि नळीचं काम मालकाने करून द्यावं किंवा तेवढी रक्कम भावातून वजा व्हावी, असं ठरवून घ्या. काम होईपर्यंत मागच्या सीटवर कुणाला बसवू नका.