दुसरी सही कोणाची?

प्रश्न: माझी मुलगी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. गणपतीत आमच्या चाळीतल्या एका मुलाला त्याच्या मनाविरुद्ध इस्पितळात दाखल केलं. तेव्हापासून हिचं एकच, 'हे ठरवणाऱ्यांचं काम मला करायचंय.' मावसबहीण इंग्लंडात असते, तिथे म्हणे ही वेगळी नोकरीच आहे. आपल्याकडे आहे का? मुलीच्या जातीला झेपेल?
– एक आई, लालबाग

ताई, इस्पितळांचे वॉर्ड सिस्टरांच्याच जिवावर चालतात, तेव्हा 'मुलीची जात' इथेच सोडून देऊ. झेपेल का, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याकडे येते.

मावसबहिणीचं बरोबर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९८३चा कायदा आहे. शिफारस दोन डॉक्टर करतात, पण दाखल करण्याचा अर्ज बहुतेक वेळा 'ॲप्रूव्ह्ड मेंटल हेल्थ प्रोफेशनल' करतो. तो सोशल वर्कर, नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा सायकॉलॉजिस्ट असतो. डॉक्टरला ते पद घेताच येत नाही.

आपल्याकडे अशी वेगळी खुर्ची नाही, पण सही आहे. आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याचं कलम ८९ लेकीला वाचायला सांगा. रुग्णाच्या वतीने त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याने नेमलेला किंवा कायद्याने ठरणारा माणूस, अर्ज करतो. मग त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं असतं. एक सायकियाट्रिस्ट, दुसरा डॉक्टर चालतो किंवा मेंटल हेल्थ प्रोफेशनल, म्हणजे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर किंवा मानसिक आरोग्याची नर्स. आजार एवढा गंभीर हवा की माणूस स्वतःच्या जिवावर उठलाय, दुसऱ्याच्या अंगावर जातोय किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकल्याने धोक्यात आहे. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा उपाय उरलेला नाही, हेही दिसायला हवं. दोघांचं मत जुळलं तरच दाखल, तेही ३० दिवसांपर्यंत. अशा दाखल करण्यांवर नजर ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. पुढे ठेवायचं झालं तर दोन सायकियाट्रिस्ट आणि मंडळाची परवानगी लागते.

तुमच्या लेकीची जागा त्या दुसऱ्या सहीत आहे. आर्ट्सवरून सायकियाट्रिस्ट होता येत नाही आणि नर्सिंगला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. उरतात दोन वाटा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर एमएनंतर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. सायकियाट्रिक सोशल वर्कर व्हायचं तर आधी सोशल वर्कची मास्टर्स पदवी (एमएसडब्ल्यू), मग सायकियाट्रिक सोशल वर्कमधला एम.फिल. दोन्हीकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. एक खोच आहे: यूजीसीने एम.फिल. बंद केलाय, या दोन विषयांना फक्त २०२५-२६पर्यंत मुदत दिली होती. त्यामुळे फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाची आजची मान्यता नीट तपासा. कोचिंगवाल्यांच्या पाट्यांवर जाऊ नका.

मला विचाराल तर दुसरी वाट, सोशल वर्करची. टेस्टचे आकडे काढण्यापेक्षा तिला घर वाचायचं आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. सोशल वर्क शिकवणारी देवनारचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि निर्मला निकेतन ही दोन्ही नावं मुंबईतलीच. सरकारी नोकरीत सायकियाट्रिक सोशल वर्करच्या पदाला 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)' म्हणतात. जाहिरातीत तेच नाव शोधा.

आता झेपण्याचं. रडणं, आरडाओरडा यांची सवय होते. अवघड असतं ते नाही म्हणणं. आपल्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीपायी भाऊ भावाला 'ठाण्याला पाठवा' म्हणतो, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. समोर आई हात जोडून उभी, सायकियाट्रिस्टची सही झालेली, आणि पंचविशीतल्या मुलीने म्हणायचं की माझ्या तपासणीत हे बसत नाही. पूर्वी कधी उपचार झाले होते, एवढ्यावरून आज कोणाला आजारी ठरवता येत नाही, हे कायद्यातच आहे. पण नातेवाइकांना ते तोंडावर सांगणारं कोणीतरी लागतं. उलटही होतं: घरचे 'जरा चिडलाय, बाकी काही नाही' म्हणत असतात आणि हिला दाखल करा असं सांगावं लागतं.

तेव्हा तिला एवढंच विचारा: त्या संध्याकाळी तो मुलगा काय म्हणत होता? तिला त्याचे शब्द आठवत असतील, तर टिसचा विचार करा. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि तो अर्ज टीवायच्या परीक्षेआधीच भरावा लागतो.